ज्यांची ओटी रिकामी राहिली

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या ह्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक विषयावर लिहावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु बाईच्या कुशीचाही एक इतिहास आहे, आणि तो आपल्याच हयातीत, गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत घडला आहे. मूल न होणाऱ्या स्त्रियांवरील उपचारांचा हा इतिहास होय. त्यातही ज्यांना डॉक्टरांनी आरंभीच ‘फारशी आशा नाही’ असे सांगितले, त्यांच्या वाट्याला काय आले, एवढेच मी सांगणार आहे. मी डॉक्टर नाही. तीस वर्षे शाळेत शास्त्र आणि गणित शिकविले. आणि ह्या विषयाशी माझा जो निकटचा संबंध आला, तो पुढे ओघात येईलच.

प्रथम थोडे शरीरशास्त्र पाहू. गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. दर महिन्याला त्यांतून साधारणपणे एक स्त्रीबीज सुटते आणि बीजवाहिनी नावाच्या बारीक नळीतून गर्भाशयाकडे निघते. पुरुषबीजाशी त्याची गाठ पडते ती ह्या नळीतच. दोन्ही नळ्या बंद असल्या तर बीज चांगले, गर्भाशय निकोप, नवरा धडधाकट, आणि तरीही पाळणा हलत नाही. नळ्या अनेक कारणांनी बंद होतात. आपल्या देशात त्यांतील एक मोठे कारण क्षयरोग हे आहे. हा रोग फुफ्फुसापुरता राहतो अशी आपली समजूत; पण तो चोरपावलांनी नळ्यांत व गर्भाशयाच्या अस्तरातही शिरतो, आणि पुष्कळदा मूल होत नाही म्हणून तपासणी होईपर्यंत त्या बाईला त्याचा पत्ताही नसतो.

पूर्वी अशा स्त्रीसाठी उपाय तरी काय होते? नळीत हवा सोडून ती मोकळी आहे का हे पाहणे, आणि बंद असल्यास शस्त्रक्रिया करून ती उघडण्याचा यत्न करणे, एवढेच. उघडलेली नळी पुष्कळदा पुन्हा मिटे. मग नवस, उपास, प्रदक्षिणा, आणि घरात सवतीची कुजबूज. मुंबई इलाख्यात १९४६ साली हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नावर कायद्याने बंदी आली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर झाली. तोवर ‘हिला मूल नाही’ हे दुसरी आणण्यास पुरेसे कारण मानले जाई.

आता आपण इंग्लंडात जाऊ, कारण बंद नळीला वळसा घालण्याची युक्ती प्रथम फळास आली ती तेथे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्‌स ह्यांना स्त्रीबीज व पुरुषबीज ह्यांचे मीलन शरीराबाहेर, काचेच्या बशीत घडवून आणता येईल असे वाटत होते. ओल्डहॅम ह्या गिरणगावातील शल्यविशारद पॅट्रिक स्टेप्टो ह्यांनी पोटाला लहानसे छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहण्याची विद्या हस्तगत केली होती. बीज बाहेर काढण्याचा रस्ता त्यामुळे सापडला. १९६८ पासून दोघे एकत्र काम करू लागले. तिसरी व्यक्ती होती जीन पर्डी. मूळची परिचारिका, पण प्रयोगशाळेची सारी शिस्त, नोंदवह्या आणि बशीतील बीजांची देखभाल तिच्या हाती होती. १९७१ साली तेथील सरकारी वैद्यक संशोधन मंडळाने त्यांना मदत नाकारली. तरी त्यांनी ओल्डहॅमजवळच्या एका लहानशा रुग्णालयात काम चालू ठेवले.

त्यांच्याकडे आलेल्या बहुतेक स्त्रिया इतर सर्व दारांवरून परत आलेल्या होत्या. बीज पिकण्याची वेळ अचूक कळावी म्हणून दिवसरात्र दर तीन तासांनी लघवी तपासली जाई, आणि वेळ आली की मध्यरात्र असली तरी शस्त्रक्रियेच्या मेजावर जावे लागे. त्यांच्या जुन्या नोंदवह्या पुढे अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा जो हिशेब निघाला तो मी माझ्या वहीत उतरून ठेवला आहे. १९६९ ते १९७८ ह्या काळात २८२ स्त्रिया आल्या. त्यांच्यावर मिळून ४५७ वेळा हा प्रयत्न सुरू झाला. त्यांपैकी ११२ वेळा गर्भ गर्भाशयात सोडण्यापर्यंत मजल गेली. दिवस राहिले ५ वेळा. त्यांतील एक गर्भ नळीतच राहिल्यामुळे काढून टाकावा लागला, आणि जिवंत मुले जन्मली २.

त्या दोघांतील पहिली लुईस ब्राऊन. २५ जुलै १९७८ च्या रात्री ओल्डहॅमच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेने तिचा जन्म झाला. वजन सुमारे २ किलो ६०० ग्रॅम. तिची आई लेस्ली ब्रिस्टलची राहणारी. दोन्ही नळ्या बंद, आणि नऊ वर्षे वाट पाहिलेली. दुसरे मूल मुलगा होता. तो जानेवारी १९७९ मध्ये जन्मला. साऱ्या जगाने लेस्लीचे छायाचित्र पाहिले. बाकीच्या २८० जणींचे छायाचित्र कोणी घेतले नाही. परंतु बीज कोणत्या घटकेस काढावे, बशीतील द्रव कसा असावा, कोणती औषधे गर्भाला टिकू देत नाहीत, हे सारे शिकले गेले ते ह्या स्त्रियांच्या शरीरांवर, त्यांच्या निराशेच्या मोलाने. ह्या विद्येचा पाया ज्यांनी घातला, त्यांत शास्त्रज्ञांच्या बरोबरीने मी त्यांची गणना करते.

जीन पर्डीच्या वाट्यालाही उपेक्षाच आली. रुग्णालयाच्या भिंतीवर फलक लावताना तिचे नाव घालावे, तिचा वाटा आपल्याइतकाच आहे, असे एडवर्ड्‌सनी कळविले होते. फलक लागला तो तिचे नाव वगळून. १९८५ साली, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी ती वारली. स्टेप्टो १९८८ साली गेले. एडवर्ड्‌सना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या देशाकडे वळू. लुईसच्या जन्मानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. दुर्गापूजेचे दिवस होते. तिला दुर्गा म्हणू लागले. तिच्याही आईच्या नळ्या बंद होत्या. हे काम डॉ. सुभाष मुखोपाध्याय ह्यांचे. त्यांना साहाय्य होते शीतविद्येचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य ह्यांचे. साधने तुटपुंजी होती, पण विचार काळाच्या पुढचा होता. संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे पिकविणे, ती योनिमार्गाने काढणे, आणि तयार झालेला गर्भ गोठवून पुढच्या पाळीपर्यंत राखून ठेवणे, ह्या तिन्ही गोष्टी त्यांनी केल्या. दुर्गेचा गर्भ ५३ दिवस गोठविलेला होता. आज जगभर ह्याच वाटेने जातात.

पण तेव्हा त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला. परदेशी परिषदेस जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. पुढे त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

त्यानंतर ६ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार ह्यांच्या प्रयत्नांचे ते फळ. देशातील पहिली म्हणून तिची नोंद झाली. पुढे १९९७ साली आनंदकुमारांना मुखोपाध्यायांचे कागद पाहावयास मिळाले. त्यांनी ते बारकाईने तपासले आणि ‘पहिलेपणाचा मान माझा नव्हे, त्यांचा’ अशा आशयाचे जाहीरपणे लिहिले. स्वतःच्या नावावरची कीर्ती आपल्या हाताने दुसऱ्याच्या नावावर लिहून देणारी माणसे विरळाच.

हर्षाची बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हा माझ्या लग्नाला सात वर्षे झाली होती. लहानपणी मला क्षय झाला होता. औषधाने तो बरा झाला खरा, पण दोन्ही नळ्या बंद करून गेला. गर्भाशयाचे अस्तरही पातळ झाले होते. बातमीचे ते कात्रण मी पोळपाटाखाली जपून ठेवले होते. १९८९ ते १९९१ ह्या काळात तीन वेळा मी हे उपचार घेतले. पहाटेच्या लोकलने जायचे, सुई टोचून घ्यायची, सोनोग्राफी व्हायची आणि शाळेची घंटा होण्याच्या आत परत यायचे. पहिल्या वेळी एकच बीज मिळाले आणि त्याचे मीलन झाले नाही. दुसऱ्या वेळी दोन गर्भ सोडले. पंधरा दिवस मी पायरीसुद्धा जपून उतरत होते. सोळाव्या दिवशी पाळी आली. तिसऱ्या वेळी बीजे वाढलीच नाहीत, म्हणून अर्ध्यावरच थांबविण्यात आले. डॉक्टरीणबाईंनी आरंभीच स्पष्ट सांगितले होते, ‘ताई, शंभरात चार-पाच एवढीच आशा धरा.’ त्यांच्या त्या सरळ बोलण्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. पाटल्या मोडल्या होत्या. चौथ्या वेळेसाठी मी मंगळसूत्राकडे पाहू लागले, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, ‘सूनबाई, आता पुरे. आधी तुझा जीव.’ आम्ही थांबलो.

शास्त्र मात्र थांबले नाही. ‘आशा नाही’ ही रेघ पुढे पुढे सरकत गेली. जिचे बीजकोश अकाली थकले, तिला दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन स्वतःच्या उदरात मूल वाढविता येऊ लागले. १९८४ साली अमेरिकेत, आणि आपल्याकडे डॉ. हिंदुजांच्याच हातून जानेवारी १९९१ मध्ये अशी मुले जन्मली. पुरुषबीज फार थोडे किंवा दुबळे असेल तर तोवर काही चालत नसे. १९९२ साली ब्रुसेल्सच्या संशोधकांनी एकच पुरुषबीज सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची रीत यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध केले. मूल न होण्याचा दोष आपल्याकडे सरसकट बाईवर टाकला जाई. ह्या उपचाराने निदान नवऱ्याची तपासणी तरी रीतसर होऊ लागली.

आणि ज्यांचे गर्भाशयच निकामी? स्वीडनमध्ये दुसऱ्या स्त्रीचे गर्भाशय बसवून २०१४ साली जगातील पहिले मूल जन्मले. आपल्या पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मे २०१७ मध्ये आईचे गर्भाशय लेकीला बसविले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या लेकीला मुलगी झाली. ज्या कुशीत ती स्वतः वाढली, त्याच कुशीत तिची लेक वाढली. ही बातमी मी दोनदा वाचली, आणि मग बराच वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

तथापि एक अडसर अजून तसाच आहे, आणि आजच्या मुलींच्या आयांनी तो नीट समजून घ्यावा असे मला वाटते. मुलगी जन्मास येते तेव्हाच तिची सारी बीजे तिच्याजवळ असतात. दहा ते वीस लाख. न्हाण येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पुढे घटतच जातात. नवी होत नाहीत. वयाबरोबर उरलेल्या बीजांत दोषही वाढतात. म्हणून चाळिशीच्या पुढे, किंवा ज्यांना इंजेक्शने देऊनही तीनच्या वर बीजे मिळत नाहीत अशा स्त्रियांत, यश फार थोडे येते. अशा स्त्रिया कोणत्या, ह्याची एक व्याख्या युरोपातील तज्ज्ञांनी २०११ साली ठरविली. तोपर्यंत जो तो डॉक्टर आपापल्या मापाने मोजत होता आणि आपापले औषध गुणकारी म्हणत होता.

ब्रिटनमध्ये ह्या उपचारांची सक्तीची सरकारी नोंद होते. तेथील अलीकडच्या वर्षांचे आकडे असे, की स्वतःचे बीज वापरणाऱ्या ३५ च्या आतील स्त्रियांत गर्भाशयात सोडलेल्या दर १०० गर्भांमागे सुमारे ३० मुले जन्मतात. ४३ वर्षे आणि त्यापुढील स्त्रियांत सुमारे ५ किंवा त्याहूनही कमी. दात्या स्त्रीचे बीज घेतल्यास मात्र यश दात्या स्त्रीच्या वयावर अवलंबून राहते.

आता शाळेतील गणित करू. दर वेळी शंभरात ३० आशा धरली, तर तीन प्रयत्नांनंतर शंभरातील सुमारे ६६ जणींची ओटी भरते. दर वेळी शंभरात ५ धरली, तर तीन प्रयत्नांनंतर सुमारे १४ जणींची. ८६ जणी रिकाम्या हाताने परततात. ‘आणखी एकदा करून पाहू’ ह्या वाक्याची किंमत दोघींना सारखी नसते, हे ह्यावरून दिसेल.

जाहिरातीत मात्र एकच मोठा आकडा असतो. तेव्हा तो आकडा कशाचा, हे विचारावे. उपचार सुरू केलेल्या साऱ्या स्त्रियांमागचा, की गर्भ सोडण्यापर्यंत पोचलेल्यांमागचा? ओल्डहॅमचाच हिशेब घ्या. ११२ मागे ५ वेळा दिवस राहिले म्हटले तर शेकडा साडेचार होतात. सुरू झालेल्या ४५७ मागे २ मुले म्हटले तर शेकडा अर्धाही होत नाही. दोन्ही आकडे खरेच आहेत! म्हणून दिवस राहिल्याचा आकडा नको, मूल घरी नेल्याचा द्या, आणि माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या स्त्रियांचा द्या, असे म्हणावे. मुख्य उपचाराच्या जोडीला सांगितल्या जाणाऱ्या महागड्या जादा उपचारांबद्दलही विचारावे. त्यांतील पुष्कळांचा गुण अद्याप सिद्ध झालेला नाही. ब्रिटनच्या नियंत्रक संस्थेने तर अशा एकेका उपचारापुढे पुरावा किती आहे हे दाखविणारी रंगाची खूण ठेवली आहे.

आपल्याकडे ह्यासंबंधीचा कायदा २०२१ साली संमत झाला व जानेवारी २०२२ पासून अमलात आला. स्त्रीचे वय २१ ते ५०, पुरुषाचे २१ ते ५५ अशी मर्यादा त्याने घातली. बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वयाची असावी, तिने आयुष्यात एकदाच ते द्यावे आणि सातांहून अधिक बीजे काढू नयेत, असेही ठरले. पैशाच्या अडचणीपायी गरीब मुलींना पुन्हा पुन्हा सुया टोचून घ्याव्या लागू नयेत, ह्या दृष्टीने हे आवश्यकच होते. आणखी एक कलम आपल्या कामाचे आहे. यशाची शक्यता किती, हे उपचार केंद्राने समजावून सांगितलेच पाहिजे. तो आता त्या स्त्रीचा हक्क आहे. तेव्हा भीड न धरता विचारावे, आणि उत्तर लिहून घ्यावे.

मला कोणास निराश करावयाचे नाही. आपल्या आळीत ह्या उपचारांनी झालेली मुले आज शाळेत जात आहेत. मंडळाच्या बक्षीस समारंभात त्यांच्या हाती मी स्वतः पेन दिले आहे. ज्यांना आशा थोडी आहे त्यांनीही प्रयत्न जरूर करावा. मात्र किती वेळा करायचा आणि किती पैसा घालायचा, हे आधी दोघांनी बसून ठरवावे. कोणी दत्तक घेतील, कोणी माझ्यासारख्या दुसऱ्यांच्या मुलांना पाढे शिकवीत राहतील. थांबण्यातही शहाणपण असते, आणि थांबलेल्या बाईला ‘प्रयत्न कमी पडले’ असे कोणी ऐकवू नये.

ह्या बाबतीत मंडळाकडे माझे मागणे फार मोठे नाही. माझ्या ऐन उमेदीत डोहाळजेवणाच्या बोलावण्यातून माझे नाव गळत असे. ओटी भरायला लेकुरवाळीच हवी, असा प्रघात होता. भाजी निवडायला मात्र बोलावीत. लेस्लीला नऊ वर्षे लोकांनी काय विचारले असेल, त्याची कल्पना मला ह्यावरून येते. आपल्या सभासदांत आज उपचार घेत असलेल्या मुली आहेत. त्यांना ‘काही विशेष?’ असे विचारू नये. ज्यांना सोबत हवी त्यांच्याबरोबर कोणीतरी दवाखान्यात जावे; एकटीने बाकावर बसणे फार जड जाते. माझी स्वतःची दुपार रिकामी असते, त्यांनी मला केव्हाही हाक मारावी.

आणि येत्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीची, मग ती लेकुरवाळी असो वा नसो, सवाष्ण असो वा नसो, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरावी अशी सूचना मी मांडीत आहे. हरभरे कमी पडू देणार नाही. पाच किलो मी आदल्या रात्री भिजत घालीन.